चक्कर कानाची, फटका पोटाला

वाहन चालवण्याचा परवाना काढताना प्रत्येकाला एक स्वयंघोषणापत्र भरून द्यावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील हा 'नमुना १'. फेफरे, अचानक शुद्ध हरपणे किंवा कोणत्याही कारणाने येणारी भोवळ यांपैकी काही त्रास आहे का, असा प्रश्न त्यात असतो. बहुतेक वेळा या प्रश्नासमोर 'नाही' अशी खूण होते आणि अर्ज पुढे सरकतो. ज्याला खरोखर भोवळ येते, त्यालाही 'हो' लिहिणे परवडत नाही. कारण परवाना नाही तर दुचाकी नाही आणि दुचाकी नाही तर कामावर जायचे कसे, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

पण खरी गफलत 'कोणत्याही कारणाने' या शब्दांत आहे. भोवळीच्या काही कारणांवर तपासणीच्या टेबलावर दहा मिनिटांत उपाय होतो. काही कारणे वर्षानुवर्षे सोबत करतात, पण नीट सांभाळली तर माणूस काम करू शकतो. काही कारणे जिवावर बेतणारी असतात आणि तिथे मिनिटे मोजावी लागतात. कायद्याने, कारखान्याच्या दारावरच्या वैद्यकीय तपासणीने आणि बऱ्याचदा दवाखान्यानेही या सगळ्यांना एकाच शब्दाच्या पोत्यात भरले आहे. परिणामी जो खरे सांगतो त्याचे काम जाते आणि जो लपवतो तो स्वतःचा व दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट आहे. ती कानातून जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे आणि त्याच्या भोवतालचा पट्टा हा या प्रश्नाचा चांगला नमुना ठरावा. वेळ नदीकाठचे हे मोठे बाजाराचे गाव. एका अंगाला ऊस, कांदा आणि भाजीपाल्याची शेती. दुसऱ्या अंगाला शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत. दक्षिणेला दौंड तालुक्यात गुऱ्हाळे, रेल्वेचे मोठे जंक्शन आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने. एकाच घरात सून खुरपणीला, मुलगा कंपनीत पाळीवर आणि सासरे बाजाराला भाजी घेऊन जाणारे, असे चित्र इथे सर्रास दिसते. या प्रत्येक कामात मान वर करणे, खाली वाकणे, चढणे, उतरणे आणि वाहन चालवणे आलेच. म्हणजे तोल सांभाळणे ही इथली रोजची भांडवली गुंतवणूक आहे. तीच डळमळली की घराचे गणित कोलमडते.

मराठीत या त्रासाला अनेक शब्द आहेत आणि ते निदानाच्या कामी येतात. घर, छत, भिंती गरगर फिरल्यासारखे वाटणे म्हणजे चक्कर किंवा घेरी. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हे वेगळे. त्यामागे अचानक उतरलेला रक्तदाब, पंडुरोग, अपुरे पाणी, कमी झालेली साखर किंवा रक्तदाबाच्या गोळीचा जास्त झालेला डोस असू शकतो. डोके हलके, पोकळ वाटणे हे आणखी वेगळे. चालताना भेलकांडणे, अंधारात पाय नेमका न पडणे हे त्याहून निराळे. दवाखान्यात मात्र हे सारे 'डॉक्टर, चक्कर येते' या तीन शब्दांत आटोपते. समोरूनही 'रक्तदाब बघू', 'पित्त झाले असेल', 'मानेचे मणके झिजले असतील' किंवा 'अशक्तपणा आहे, सलाईन लावू' यांपैकी एक उत्तर येते. गावात एखाद्या घरी 'बाहेरचे काही आहे' हेही निदान होते. या सगळ्यांत कानाचे नाव सहसा निघत नाही, कारण कान दुखत नाही, वाहत नाही आणि अनेकदा ऐकूही नीट येत असते.

ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, कवटीच्या हाडात खोलवर, तोलाची यंत्रणा बसवलेली आहे. गवंड्याकडे भिंत सरळ आहे की कलली हे पाहायला पाणसळ असते. नळीतल्या द्रवातला बुडबुडा कुठे सरकतो यावरून त्याला कल कळतो. प्रत्येक कानात अशा तीन वर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोन करून असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, आतल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी वाकतात आणि डोके कोणत्या दिशेने, किती वेगाने वळले याची वर्दी मेंदूला जाते. नलिकांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अतिसूक्ष्म खडे असतात. सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ते सांगतात. या वर्दीनुसार डोळे सुमारे १० मिलिसेकंदांत उलट दिशेने वळतात. म्हणूनच खडबडीत रस्त्यावर दुचाकी चालवतानाही समोरची पाटी वाचता येते.

ही यंत्रणा उलगडण्यात व्हिएन्नाचे कानतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांचा वाटा मोठा. कान धुताना पाणी गार असले की रुग्णाला एका दिशेने गरगरते आणि गरम असले की डोळ्यांची फडफड उलट दिशेने होते, हे त्यांनी टिपले व त्यातून तोलाची चाचणी तयार केली. १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ती बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या ताब्यातील युद्धकैदी होते. शंभराहून अधिक वर्षे झाली. ती चाचणी आजही वापरात आहे. विज्ञान इतके जुने, तरी ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पुरते पोचलेले नाही.

सर्वांत जास्त आढळणारे कारण या खड्यांचेच. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा काहीही उघड कारण नसताना काही खडे जागा सोडतात आणि नलिकेत जाऊन पडतात. मग कूस बदलताना, अंथरुणातून उठताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना किंवा खुरपायला वाकताना द्रवात ते खडे घरंगळतात आणि मेंदूला खोटी वर्दी जाते. घर गरगर फिरते. हा झटका सहसा मिनिटभराच्या आत थांबतो, पण मळमळ आणि भीती तासन्‌तास राहते. जर्मनीत झालेल्या एका पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण २.४ टक्के आढळले. तेच प्रमाण धरले तर दहा हजार प्रौढांच्या गावात सुमारे अडीचशे माणसे झाली. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक दिसतो.

त्याचे निदान करायला यंत्र लागत नाही. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी वर्णन केलेल्या पद्धतीने रुग्णाला टेबलावर बसवून, मान एका बाजूला वळवून, झटकन मागे आडवे करतात आणि डोळ्यांकडे पाहतात. खडे घरंगळले असतील तर डोळे विशिष्ट रीतीने फडफडतात. उपायालाही औषध लागत नाही. अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवत खडे मूळ जागी परत नेण्याची पद्धत शोधली. सुरुवातीला त्यांच्या व्यवसायबंधूंनी ती हसण्यावारी नेली. सविस्तर शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ती जगभर मान्य आहे. कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात ही क्रिया केलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्णांची चक्कर पूर्ण थांबल्याचे दिसले; ती न केलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. एका वेळेस गुण आला नाही तर क्रिया पुन्हा करता येते. त्रास परत उद्‌भवू शकतो, पण तेव्हाही इलाज तोच.

प्रत्यक्षात काय घडते? आधी सलाईन, मग चक्करच्या गोळ्या, मग मानेचा एक्स-रे, मानेला पट्टा, रक्ताच्या चाचण्या आणि शेवटी पुण्याला जाऊन डोक्याचा एमआरआय. एमआरआय 'नॉर्मल' येतो, कारण ते सूक्ष्म खडे त्यात दिसतच नाहीत. तोवर काही हजार रुपये खर्च झालेले असतात, आठ-दहा दिवसांची हजेरी बुडालेली असते आणि 'रिपोर्ट तर चांगले आहेत, मग हे नाटक कशाला' हा घरातला आणि कामावरचा शेरा पदरी पडतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-चार दिवसांच्या उलट्यांसाठी उपयोगी असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या सुस्ती आणतात आणि मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घेऊ देत नाहीत. वयस्कर माणसांत सिनारिझिनसारख्या औषधाने हातपाय थरथरणे, हालचाल मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणेही दिसतात. खड्यांच्या चक्करवर अशा गोळ्या नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत आणि सरसकट एमआरआयही करू नये, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे.

सगळ्याच चकरा इतक्या सोप्या नसतात, हेही खरे. फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिए यांनी १८६१ मध्ये पहिल्यांदा दाखवून दिले की, चक्करचे मूळ कानात असू शकते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकतो. कान गच्च होतो, कानात घूं-घूं आवाज येतो आणि ऐकणे कमी-जास्त होत अखेर घटत जाते. झटका कधी येईल हे सांगता येत नाही, आणि कामाच्या दृष्टीने हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. या आजारात सर्रास दिले जाणारे बीटाहिस्टिन हे औषध जर्मनीतील २२१ रुग्णांवरच्या नऊ महिन्यांच्या चाचणीत निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. २०१६ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तोलाच्या मज्जातंतूला सूज आली तर चक्कर अनेक दिवस सतत राहते आणि नंतर कित्येक आठवडे चाल डळमळीत असते. अर्धशिशीचीही एक जात अशी आहे की, डोके दुखण्याऐवजी किंवा त्यासोबत चक्कर येते. रात्रपाळी, मोडलेली झोप, चुकलेले जेवण आणि उन्हाचा तडाखा हे तिला निमंत्रण. म्हणजे पाळीत काम करणाऱ्याच्या दिनक्रमाची यादीच.

आणखी एक प्रकार अलीकडे ओळखला गेला. मूळ आजार बरा झाला तरी तीन महिन्यांहून अधिक काळ डुलल्यासारखे, बोटीत बसल्यासारखे वाटत राहते. उभे राहिले, गर्दीत गेले किंवा समोर काही हलते दिसले की ते वाढते. बारानी यांच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवले. हे ढोंग नाही आणि वेडही नाही. धोक्याच्या काळात मेंदूने लावलेला पहारा धोका टळल्यावरही उठत नाही, असे त्याचे स्वरूप आहे. कन्व्हेयरच्या सरकत्या पट्ट्यासमोर आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराला हा त्रास असला तर त्याचे प्रत्येक मिनिट किती जड जाते, याची कल्पना पर्यवेक्षकाला असेलच असे नाही.

औषधांमुळे झालेल्या इजेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन या इंजेक्शनांनी असंख्य जीव वाचवले, पण त्यांनी काहींच्या दोन्ही कानांतील तोलाच्या पेशी कायमच्या मारल्या. १९५२ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने आपली अशीच अवस्था वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. गुडघ्याच्या क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याचा तोल गेला होता. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पुस्तकातली अक्षरे हलत, म्हणून पलंगाच्या कठड्याच्या दोन गजांमध्ये डोके टेकवून त्याला वाचावे लागे. क्षयरोगाच्या उपचारात आता तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर आला आहे, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण पूर्वी अशा इंजेक्शनांचा कोर्स झालेली माणसे गावोगावी आहेत. अंधारात शेताच्या बांधावरून चालताना ती भेलकांडतात आणि पाहणारे दारूचा संशय घेतात. त्यांना साधा प्रश्न विचारला जात नाही : पूर्वी कधी इंजेक्शनांचा लांबलचक कोर्स झाला होता का?

या आजारांची कामाच्या ठिकाणी काय किंमत मोजावी लागते, याची मोजदाद परदेशात झाली आहे. लंडन आणि इटलीतील सिएना इथल्या चक्करच्या २२० रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २७ टक्के जणांनी कामाचे स्वरूप किंवा नोकरी बदलल्याचे आणि २१ टक्के जणांनी काम सोडल्याचे सांगितले. १३ देशांतील चार हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात, नोकरी करणाऱ्यांपैकी जवळपास ७० टक्क्यांनी काम कमी केले होते आणि ६३ टक्क्यांचे कामाचे दिवस बुडाले होते. ही आकडेवारी प्रामुख्याने पगारी रजा आणि हजेरीपुस्तक असलेल्या जगातली आहे. ज्याच्या कामाची नोंदच कुठे नसते, त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे?

ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. हंगामात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वाहनावर चढायचे, तेही अनेकदा पहाटेच्या अंधारात. तोल राखण्यासाठी शरीर तीन गोष्टींवर विसंबते : कान, डोळे आणि पायाखालची जमीन. अंधारात डोळे गेले, हलत्या फळीवर पाय गेले. उरतो फक्त कान. तोच बिघडला असेल तर त्या बाईने चढायचे कशाच्या भरवशावर? आणि ती बसून राहिली तर एकटीचा नव्हे, सगळ्या कोयत्याचा खाडा होतो. मग ती काय करते हे सांगायला नको. चक्करची गोळी घेते आणि फळीवर चढते.

संघटित क्षेत्रातही चित्र फारसे वेगळे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनाइतका लाभ मिळतो. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात सहसा धरले जात नाहीत. मेनिएचा झटका अर्ध्या दिवसाचा. तो या दोन दिवसांतच विरून जातो आणि महिन्यातून चारदा आला तरी हिशेबात येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. तोलाचा विकार त्यात स्वतंत्रपणे नाही. श्रवणदोषाच्या रकान्यात बसायचे तर दोन्ही कानांचे ऐकणे किमान ६० डेसिबलने कमी झालेले असावे लागते. मेनिएचा आजार तर बहुधा एकाच कानाचा. म्हणजे माणूस उभा राहू शकत नाही, पण कागदावर तो धडधाकट असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर कागदाचीही गरज पडत नाही. उद्यापासून येऊ नको, एवढे पुरते.

यावर मालकवर्गाचे एक म्हणणे असते आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. चक्कर येणाऱ्या माणसाला प्रेसवर, क्रेनवर, भट्टीजवळ किंवा उंचीवर कसे ठेवायचे? अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? हे बरोबरच आहे. सक्रिय झटके येत असताना अशा जागी काम करू नये आणि वाहनही चालवू नये. पण याचे उत्तर माणूस काढून टाकणे हे नव्हे. काढून टाकल्याने चक्कर थांबत नाही, ती फक्त लपते. कारण शेजारच्या मशीनवरचा दुसरा कामगार हे पाहून स्वतःचा त्रास सांगायचे बंद करतो. मग कारखान्यात चक्कर येणारी माणसे तितकीच राहतात, फक्त ती कोण हे कोणालाच माहीत नसते. सुरक्षेच्या दृष्टीने याहून वाईट स्थिती नाही.

त्याऐवजी काही साध्या गोष्टी करता येतात. निदान होईपर्यंत जमिनीवरचे, बैठे किंवा तपासणीचे काम द्यावे. झटका आला तर पंधरा मिनिटे बसायची परवानगी असावी आणि त्याची हजेरी कापू नये. अर्धशिशीच्या चक्करवाल्याची रात्रपाळी काही महिने टाळावी. जिन्यांना कठडे, अंधाऱ्या कोपऱ्यांत दिवे, वरच्या फळीवरचा माल कंबरेच्या उंचीवर आणणे यांचा खर्च नगण्य आणि फायदा सगळ्यांनाच. खड्यांची चक्कर बरी झाल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले की कामगाराला मूळ जागी परत घ्यावे. 'एकदा चक्कर आली म्हणजे कायमचा बाद' हा नियम कोणत्याही शास्त्रात नाही.

पण हे सारे निदानावर अवलंबून आहे आणि निदान गावाजवळ व्हायला हवे. तळेगाव ढमढेरेहून पुण्याच्या ससून रुग्णालयात जायचे तर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस एवढे लागते. शिवाय चक्कर येणाऱ्या माणसाला शिक्रापूरच्या वाहतूक कोंडीतून नेणे ही वेगळीच शिक्षा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात एक साधे टेबल, एक उशी आणि प्रशिक्षित डॉक्टर एवढे असले तरी खड्यांच्या चक्करचे निदान आणि उपचार दोन्ही तिथल्या तिथे होऊ शकतात. या कामात फिजिओथेरपिस्टही मोलाचे ठरतात. आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना निदान करायला नाही, तरी चार नेमके प्रश्न विचारून रुग्ण योग्य जागी पाठवायला शिकवता येईल. झटक्याच्या वेळी डोळ्यांची हालचाल मोबाइलवर चित्रित केली आणि ई-संजीवनीवरून तज्ज्ञाला दाखवली, तर पुण्याची अर्धी फेरी वाचेल. देशात बधिरता नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. त्याच कानाच्या दुसऱ्या अर्ध्या कामाकडे, म्हणजे तोलाकडे, त्याच प्रशिक्षणात एक दिवस वळून पाहायला काय हरकत आहे?

बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसांची रांग असताना दहा मिनिटे कुठून आणायची, हा डॉक्टरांचा प्रश्नही रास्त आहे. पण हाच रुग्ण सलाईनसाठी दोन तास खाट अडवतो आणि महिन्यात चारदा येतो, तेव्हा जास्त वेळ कशात जातो याचा हिशेब करायला हवा. दुसरी भीती अधिक गंभीर : कानाची चक्कर समजून मेंदूचा झटका नजरेतून सुटला तर? ती भीती योग्यच आहे आणि म्हणूनच काही खुणा घराघरांत माहीत हव्यात. चक्करसोबत बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, गिळता न येणे, पूर्वी कधी नव्हती अशी प्रचंड डोकेदुखी किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे यांपैकी काहीही असेल तर गोळी, सलाईन, सकाळची वाट, कशातही वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

रुग्ण आणि घरचे यांच्या हातातही बरेच काही आहे. झटका किती वेळ टिकला, तेव्हा मान कशी होती, कान गच्च झाला का, आवाज आला का, डोके दुखले का, जेवण-झोप चुकली होती का, ही टिपणे मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवली तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. मोबाइलवर पाहून खडे बसवण्याची क्रिया स्वतःच करून पाहू नये; कोणत्या कानाचे आणि कोणत्या नलिकेचे खडे आहेत हे आधी ठरावे लागते. रात्री उठताना दोन मिनिटे काठावर बसावे, संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा, विहिरीवर किंवा शेततळ्याजवळ एकट्याने जाऊ नये. खड्यांचा त्रास वारंवार होत असेल तर 'ड' जीवनसत्त्वाची तपासणी करावी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील चाचणीत, ते कमी असलेल्यांना 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर एकंदरीत त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटले होते.

आणि एक जुना समज सोडायला हवा. 'चक्कर येते ना, मग हलू नकोस, पडून राहा' हा सल्ला मायेचा असला तरी पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर तो घातक ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी या डॉक्टरांनी डोके आणि डोळ्यांचे व्यायाम तयार केले. जखमी सैनिक अंथरुणात पडून राहण्यापेक्षा हालचाल करत राहिले तर लवकर सावरतात, असे त्यांना आढळले होते. आजचे तोलाचे फिजिओथेरपी व्यायाम त्याच पायावर उभे आहेत. कानाची एक बाजू निकामी झाली तरी मेंदू उरलेल्या वर्दीवर काम चालवायला शिकतो, पण त्यासाठी त्याला हालचाल मिळावी लागते. म्हणून हळूहळू, सुरक्षित जागी आणि कोणाच्या तरी सोबतीने कामाकडे परतणे हा उपचाराचाच भाग आहे. काम हिरावून घेणे म्हणजे त्या माणसाचे औषधच हिरावून घेणे.

कागदावरच्या एका प्रश्नात सगळ्या भोवळी कोंबण्याची सवय मोडायला मोठा निधी लागत नाही. परवान्याच्या अर्जात, कारखान्याच्या दारात आणि दवाखान्याच्या टेबलावर 'चक्कर येते का?' याच्यापुढे 'कशी, किती वेळ आणि कशाने?' हे तीन प्रश्न जोडले गेले तरी पुष्कळ साधेल. खरे सांगणाऱ्या माणसाला काम गमावण्याऐवजी इलाज मिळतो, एवढी खात्री आधी निर्माण व्हायला हवी. ती झाली की लपवाछपवी आपोआप कमी होईल आणि फळीवर चढणारी बाई, रात्रपाळी करणारा पोरगा आणि त्यांच्या शेजारी काम करणारे, सगळेच अधिक सुरक्षित होतील.